संमेलनाध्यक्ष कसा ठरतो : हिराबाग ते सातारा

२०१७ सालच्या हिवाळ्यात टपालाने माझ्या घरी एक पाकीट आले. आत मतपत्रिका होती आणि तिच्यावर पाच नावे होती : लक्ष्मीकांत देशमुख, रवींद्र शोभणे, राजा दीक्षित, रवींद्र गुर्जर आणि किशोर सानप. बडोद्याला भरणाऱ्या ९१व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष या पाचांतून निवडायचा होता. संमेलन भरवणाऱ्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाच्या एका घटक संस्थेच्या लहान शाखेचा मी जुना आजीव सभासद आहे. त्या वर्षी मतदारयादीत माझे नाव होते. रात्री जेवणे झाल्यावर मी चष्मा पुसून बसलो, मत नोंदवले, पाकीट चिकटवले आणि सकाळी स्वतः टपालघरात जाऊन टाकले. संमेलनाध्यक्षासाठी आलेली ती शेवटची मतपत्रिका ठरेल, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. देशमुख निवडून आले, बडोद्याचे संमेलन पार पडले आणि काही महिन्यांतच महामंडळाने निवडणूकच बंद केली.

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायला सांगितल्यावर पहिल्यांदा ते पाकीटच आठवले. इमारती, देणग्या, ग्रंथालये, परीक्षा यांची हकीकत इतर लेखांत आलेली आहे. मी एवढाच धागा हाती घेतला आहे : आपल्या सर्वोच्च मानाच्या खुर्चीवर कोणाला बसवायचे, हे आपण आजवर कसे ठरवत आलो.

आधी एक घोटाळा दूर करू, कारण आपले सभासदही त्यात अडकतात. महामंडळाला एक अध्यक्ष असतो आणि संमेलनाला दुसरा. महामंडळाचा अध्यक्ष हा कारभारी. बैठका, हिशेब, पत्रव्यवहार, संमेलनस्थळाची पाहणी ही त्याची कामे, आणि त्याची मुदत तीन वर्षांची. संमेलनाध्यक्ष हा मानकरी. त्याच्या हाती ना तिजोरी ना शिक्का. त्याला एक भाषण मिळते आणि पुढचे वर्षभर लोक त्याला गावोगाव बोलावतात. तरीही मराठी माणूस ‘अध्यक्ष’ म्हटले की ज्याच्यासाठी हळहळतो किंवा भांडतो तो हा दुसरा. मराठी भाषा त्या वर्षापुरती कोणाच्या तोंडून बोलणार, हे त्या निवडीने ठरते.

आरंभी प्रश्न इतका अवघड नव्हता. ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत पहिले ग्रंथकार संमेलन भरले. बोलावणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख. अध्यक्षस्थानी रानडेच. ज्यांनी हाक दिली त्यांच्याकडेच मान गेला, त्यात कोणाला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. छापील मराठी पुस्तकांची वाढ व्हावी, लिहिणारे एकमेकांना भेटावेत, एवढाच हेतू. दुसरे संमेलन १८८५ मध्ये पुण्यातच, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली.

आपल्या इतिहासातला पहिला आक्षेप या दुसऱ्या संमेलनाच्या वेळचा आहे, आणि तो संस्थेने कधी विसरू नये असे मला वाटते. रानडे यांनी जोतीराव फुले यांना बोलावणे पाठवले. जोतीरावांनी पत्राने नकार कळवला. त्याचा आशय असा की, जे लोक माणसांचे हक्क सर्वांना राजीखुशीने देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. अध्यक्ष कोण हा त्या पत्राचा विषय नव्हता. बोलावणारे कोण आणि बोलावले जाणारे कोण, हा होता. पुढची जवळजवळ दीडशे वर्षे अध्यक्षपदावरून जेवढे वाद झाले, त्यांच्या तळाशी हाच प्रश्न पडून आहे. यादी कोण करतो? यादीत कोणाचे नाव सुचत नाही?

तिसरे संमेलन वीस वर्षांनी, १९०५ साली साताऱ्यात भरले, अध्यक्ष रघुनाथ पांडुरंग करंदीकर. पुढच्याच वर्षी पुण्यात गोविंद वासुदेव कानिटकर यांच्या अध्यक्षतेखालच्या संमेलनात, २७ मे १९०६ रोजी, महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. संमेलनाला आता घर मिळाले. १९०९ साली ते बडोद्याला गेले, १९१७ साली इंदूरला, १९२८ साली ग्वाल्हेरला, १९३० साली मडगावला, १९३१ साली हैदराबादला. जेथे मराठी मनुष्य वस्ती करून होता तेथे मांडव उभा राहिला.

त्या काळातल्या अध्यक्षांच्या नावांवरून नुसती नजर फिरवली तरी निवडीमागचे मन कळते. हरी नारायण आपटे, न. चिं. केळकर, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, शि. म. परांजपे, वामन मल्हार जोशी, ज्ञानकोशकार केतकर. यांच्याबद्दल कोणी दोन वेळा विचार करावा असे नव्हते. मध्येच १९३२ साली कोल्हापूरला सयाजीराव गायकवाड आणि १९३५ साली इंदूरला औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. संस्थानिकांना हा मान मिळाला तो केवळ सिंहासनापोटी नाही. ग्रंथालये आणि छापखाने त्यांनी उभे केले होते. तरी एक गोष्ट खरी, की आश्रयदाता आणि लेखक यांतली रेषा तेव्हा पुसट होती. स्वागत मंडळाचा शब्द वजनदार असे, आणि ज्या गावात संमेलन त्या गावच्या मोठ्या माणसांचा कल निवडीत उतरे.

मात्र एक गोष्ट त्या काळाने चांगली साधली. वि. स. खांडेकर १९४१ साली सोलापूरला अध्यक्ष झाले तेव्हा ते पन्नाशीतही नव्हते. आचार्य अत्रे १९४२ साली नाशिकला आले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. माणूस ऐन लिहिण्याच्या भरात असताना त्याला व्यासपीठ मिळे. आजच्या वयोमानाशी हे ताडून पाहिले की मन थोडे खिन्न होते.

दरम्यान इतर प्रदेशांत संस्था उभ्या राहिल्या. विदर्भ साहित्य संघ १९२३ सालचा. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ सालचा, गिरगावातला. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ सालची, निजामाच्या राज्यात मराठी बोलणे हेच धाडस असताना जन्मलेली. या तिघींचे म्हणणे सरळ होते : संमेलन अखिल भारतीय म्हणवते, तर त्याचा कारभार एका शहराने एकट्याने का पाहावा? संयुक्त महाराष्ट्र झाला आणि लगोलग १९६१ साली या तिघी आणि पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद अशा चार संस्थांनी मिळून अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापले. मराठी लेखनाचे चौदा नियम १९६२ साली याच महामंडळाने ठरवले. शाळेत ऱ्हस्वदीर्घासाठी ज्यांनी छड्या खाल्ल्या त्यांना महामंडळाचे नाव ठाऊक नसले तरी त्याचा हात लागलेला आहे.

महामंडळाच्या घटनेतली मला सर्वांत शहाणी वाटणारी तरतूद म्हणजे फिरते कार्यालय. तीन वर्षे एका घटक संस्थेकडे, मग दुसरीकडे. २००७ ते २०१० औरंगाबाद, मग मुंबई, मग पुणे, मग २०१६ ते २०१९ नागपूर, पुन्हा औरंगाबाद, पुन्हा मुंबई, आणि २०२५ पासून पुणे. महामंडळाचा अध्यक्षही त्या त्या संस्थेचा. दप्तर एका जागी रुजत नाही, म्हणून सत्ताही रुजत नाही. दर तीन वर्षांनी कपाटे रिकामी करून कागद बांधताना कार्यकर्त्यांचे हाल होतात हे खरे, आणि थोडे कागद गहाळही होत असतील. तरी चार भावांत देवघर फिरते ठेवावे तशी ही रीत आहे, आणि तिने घर एकत्र ठेवले आहे.

१९६५ सालच्या हैदराबाद संमेलनापासून संमेलने महामंडळाच्या वतीने भरू लागली, आणि अध्यक्षाची निवडणूक घटनेच्या चौकटीत आली. तिची रीत पुढच्या पिढीसाठी नोंदवून ठेवतो, कारण आता ती प्रत्यक्ष पाहिलेले लोक कमी होत जाणार.

उमेदवाराने स्वतःची लेखी संमती द्यायची. त्याचे नाव सुचवणारा सूचक आणि पाठिंबा देणारे अनुमोदक हे मतदारयादीतलेच असावे लागत. अर्ज आले, छाननी झाली, माघारीची मुदत संपली की उरलेली नावे मतपत्रिकेवर. मतदार कोण? चार घटक संस्थांची प्रत्येकी १७५ मते. शिवाय महाराष्ट्राबाहेरच्या संलग्न संस्था, म्हणजे हैदराबाद, भोपाळ, बडोदे, गोवा, कर्नाटक, छत्तीसगड येथील मराठी मंडळी, त्यांना थोडी कमी मते. निमंत्रक संस्थेला काही, आणि माजी संमेलनाध्यक्षांना प्रत्येकी एक. सारे मिळून हजाराच्या थोडे वर. मतपत्रिका टपालाने जात, टपालाने परत येत, ठरल्या दिवशी निर्वाचन अधिकारी पाकिटे फोडत आणि संध्याकाळपर्यंत वृत्तपत्रांना नाव कळे.

कागदावर ही रीत स्वच्छ होती. तिने पुष्कळ चांगलेही केले. १९८४ साली जळगावला शंकरराव खरात अध्यक्ष झाले, संमेलनाच्या अध्यक्षपदावर आलेले पहिले दलित लेखक. १९९० साली पुण्याला यू. म. पठाण, संतसाहित्याचे जाणते अभ्यासक आणि पहिले मुस्लिम अध्यक्ष. १९९५ साली परभणीला नारायण सुर्वे. गिरणीच्या दारात वाढलेला कवी त्या मांडवात उभा राहिला तेव्हा परभणीत काय गर्दी होती, हे जे तिथे होते ते अजून सांगतात. हिराबागेत जे नाव सुचले नसते ते मतदारांना सुचले. निवडणुकीला नावे ठेवताना हे विसरू नये.

आणि १९७५ चे कऱ्हाड. देशात आणीबाणी होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. त्याच व्यासपीठावर दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि तुरुंगवासात प्रकृती खालावलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी सभेला प्रार्थना करायला सांगितले. पुढे त्यांनाही अटक झाली. त्या खुर्चीवर बसणारा माणूस कोणाचा मिंधा नसावा, एवढ्यासाठीच तर हा सारा खटाटोप. अध्यक्ष निवडीच्या कोणत्याही पद्धतीला मी हीच कसोटी लावतो : या पद्धतीतून आलेला माणूस कऱ्हाडला उभा राहू शकला असता का?

पण मतपत्रिकेचा दुसराही इतिहास आहे, आणि तो लपवून संस्थेचे भले होणार नाही. मराठीला आजवर चार ज्ञानपीठ मिळाले. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे. पहिले दोघे संमेलनाध्यक्ष होते, खांडेकर १९४१ साली, कुसुमाग्रज १९६४ साली मडगावला. नंतरचे दोघे झाले नाहीत. मडगावच्या पुढच्याच वर्षी कारभार महामंडळाकडे आला, हा योगायोग मनाला बोचतो. नेमाडे यांना संमेलन हा प्रकारच मान्य नव्हता, त्यांच्या बाबतीत मतपत्रिकेला दोष देता येणार नाही. पण जी. ए. कुलकर्णी नाहीत, विजय तेंडुलकर नाहीत, मंगेश पाडगावकर नाहीत, ग्रेस नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर शब्द तोलून वापरला, त्याने मतांसाठी पत्रक काढावे, जिल्ह्या-जिल्ह्यांतून मतदारांच्या घरी जाऊन चहा घ्यावा, ‘लक्ष असू द्या’ म्हणावे, हे त्यांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते. संमतीपत्राच्या कागदावरच ते अडत.

जे उभे राहिले त्यांच्याही वाट्याला काय आले पाहा. १९९२ सालच्या कोल्हापूर संमेलनासाठी इंदिरा संत उभ्या राहिल्या आणि हरल्या. रमेश मंत्री निवडून आले. मंत्रींच्या विनोदी लेखनाबद्दल आकस धरण्याचे कारण नाही, ते रीतसर जिंकले. पण ‘मेंदी’ आणि ‘मृगजळ’ लिहिणाऱ्या वयोवृद्ध कवयित्रीचे नाव ‘पराभूत उमेदवार’ म्हणून वर्तमानपत्रात छापून आले, त्या सकाळी आमच्या शाखेच्या वाचनालयात कोणी मोठ्याने बोलले नाही. मी ते पाहिले आहे. पराभवाने त्यांचे काही गेले नाही. आमचे गेले.

मतदार म्हणून मी जे अनुभवले तेही सांगून टाकतो. हजारभर मते, त्यांतली पावणेदोनशे एकेका संस्थेकडे. मतदारांची यादी संस्थेची कार्यकारिणी करी. तेव्हा चार ठिकाणच्या मोजक्या मंडळींशी संधान बांधले की निम्मे काम झाले, हे हुशार प्रचारकांना लवकर कळले. ‘विदर्भाला किती वर्षे मिळाले नाही’, ‘मराठवाड्याचा हक्क’, ‘यंदा कवीची पाळी’, असे हिशेब चालत. एका वर्षी एक ओळखीचा कार्यकर्ता संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, “काका, मतपत्रिका कोरीच द्या, आम्ही एकत्र पाठवतो.” मी दिली नाही. पण माझ्या शेजारच्या आळीतल्या एका सभासदाने दिली, आणि दिल्याचे मला सहज सांगितलेही. त्यांना त्यात काही गैर वाटले नव्हते, याचे मला जास्त दुःख झाले.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहेत. त्यांच्या वतीने हजार माणसे मत देणार, आणि त्यांतली काही आपली पत्रिका दुसऱ्याच्या हाती ठेवणार. एवढ्या लहान भांड्यात एवढी मोठी नदी मावत नाही.

२००९ साली महाबळेश्वरला तर वेगळेच संकट आले. आनंद यादव निवडून आले होते. ‘झोंबी’चा लेखक अध्यक्ष होतो आहे याचा खेड्यापाड्यांत आनंद होता. त्यांच्या तुकारामांवरच्या कादंबरीला वारकरी मंडळींनी आक्षेप घेतला, वातावरण तापले आणि संमेलनापूर्वी त्यांनी राजीनामा दिला. ८२वे संमेलन अध्यक्षाविना झाले. वारकऱ्यांच्या भावना मी समजू शकतो, मी स्वतः माळकरी घरातला आहे. पण हजार मतांनी दिलेला मान एका आठवड्याच्या गलबल्यात उतरवून ठेवावा लागतो, तेव्हा त्या मतांच्या मागे संस्था किती उभी होती, हा प्रश्न उरतो. मते मोजून झाली की आपली जबाबदारी संपली, असे निवडणुकीने आपल्याला शिकवले होते.

त्याच सुमारास, जणू शेजारच्या दालनात, दुसरी रीत रुजत होती. महामंडळाने विश्व मराठी साहित्य संमेलने सुरू केली. पहिले २००९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात, अध्यक्ष गंगाधर पानतावणे. दुसरे दुबईला, मंगेश पाडगावकर. तिसरे सिंगापूरला, महेश एलकुंचवार. चौथे अंदमानात पोर्ट ब्लेअरला, शेषराव मोरे. या संमेलनांचा अध्यक्ष मतदानाने निवडायचा नव्हता, महामंडळाने विचार करून बोलवायचा होता. आणि बोलावल्यावर पाडगावकर आले, एलकुंचवार आले. संमतीपत्र, सूचक, अनुमोदक यांच्या वाटेने जी माणसे कधी आली नसती ती आली. मला वाटते, २०१८ चा निर्णय कोणत्या बैठकीत झाला असला तरी त्याचे बी इथे पडले.

तो निर्णय २०१८ च्या मध्यावर झाला. कार्यालय तेव्हा नागपूरला होते, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी. घटना दुरुस्त केली गेली. निवडणूक गेली. त्याऐवजी घटक संस्था, संलग्न संस्था, निमंत्रक संस्था आणि मावळते संमेलनाध्यक्ष यांनी नावे सुचवायची, आणि महामंडळाच्या बैठकीत चर्चा करून एक नाव सन्मानाने ठरवायचे. ‘निवडणूक’ या शब्दातला शेवटचा ‘णूक’ काढला, एवढेच वरवर दिसते. पण त्या दोन अक्षरांसाठी पन्नासहून अधिक वर्षांची सवय मोडावी लागली, आणि आपल्या हातातली मते स्वखुशीने सोडायला शेकडो सभासद तयार झाले. संस्थेच्या इतिहासात हा त्यागाचा प्रसंग म्हणून नोंदला जावा.

पहिली निवड यवतमाळच्या ९२व्या संमेलनासाठी झाली : अरुणा ढेरे. एकमताने. अठरा वर्षांनी एक स्त्री अध्यक्ष होत होती. आकडे पाहा. पहिल्या ९१ संमेलनांत स्त्री अध्यक्ष चार : १९६१ ग्वाल्हेर, कुसुमावती देशपांडे, १९७५ कऱ्हाड, दुर्गाबाई, १९९६ आळंदी, शांता शेळके, २००१ इंदूर, विजया राजाध्यक्ष. निवड सुरू झाल्यापासूनच्या आठ संमेलनांत दोन : अरुणाताई आणि २०२५ साली दिल्लीला तारा भवाळकर. कुसुमावतीबाईंच्या आधी तीनच वर्षे, मालवणला, त्यांचे पती कवी अनिल अध्यक्ष होते. तिथपासून आजपर्यंत बायका मराठीत किती लिहीत आल्या आणि मांडवात किती दिसल्या, हे अंतर लाजिरवाणे आहे. नव्या रीतीने ते थोडे तरी भरू लागले.

यवतमाळ मात्र सुखाने पार पडले नाही. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावले होते. ते निमंत्रण मागे घेतले गेले. साऱ्या महाराष्ट्रात खळबळ झाली, अनेकांनी संमेलनावर बहिष्कार घातला, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. शेवटी उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीने आत्महत्या केल्यावर घर सावरणारी बाई. महामंडळाची धुरा तात्पुरती सांभाळली ती हैदराबादच्या विद्या देवधर यांनी. पन्नास वर्षांत जी संलग्न संस्था मतांच्या गणितात कोपऱ्यात बसलेली असे, तिच्यातल्या एका बाईंनी अवघड वेळी घर सांभाळले. अध्यक्ष निवडण्याची पद्धत चांगली केली म्हणून संस्था आपोआप धीट होत नाही, हे यवतमाळने दाखवले. निमंत्रण कोणी, कोणाच्या दबावाने मागे घेतले यावर पुष्कळ लिहिले गेले. मी एवढेच म्हणतो की, फुले यांच्या पत्राचा प्रश्न त्या दिवशी पुन्हा दारात उभा होता.

पुढची नावे सर्वांना ठाऊक आहेत. उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईच्या मातीतले पर्यावरणाचे कार्यकर्ते, पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. नाशिकला जयंत नारळीकर. उदगीरला भारत सासणे, वर्ध्याला न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर, अमळनेरला रवींद्र शोभणे, दिल्लीला ताराबाई आणि साताऱ्याच्या ९९व्या संमेलनासाठी विश्वास पाटील. यांतली दोन नावे मला फार बोलकी वाटतात. सासणे घुमानच्या संमेलनासाठी निवडणुकीत उभे होते आणि हरले होते. शोभणे माझ्या त्या शेवटच्या मतपत्रिकेवर होते आणि हरले होते. दोघेही पुढे सन्मानाने बोलावले गेले. निवडणुकीने ज्यांना परत पाठवले त्यांच्यासाठी दार उघडणे, ही संस्थेने स्वतःच्या चुकीची केलेली दुरुस्तीच आहे. इंदिराबाईंसाठी ती करायची राहून गेली.

पण म्हणून सारे ठीक झाले असे मी मानत नाही. नव्या पद्धतीत दोन उणिवा मला स्पष्ट दिसतात.

पहिली वयाची. सन्मान म्हटले की आपले लक्ष पांढऱ्या केसांकडे जाते. दिब्रिटो आजारी असताना उस्मानाबादला आले, व्यासपीठावर त्यांना बसणेही कष्टाचे होते. नारळीकर प्रकृतीमुळे नाशिकला येऊच शकले नाहीत. दोघांचा मान योग्यच होता, पण वीस वर्षे उशिराचा. त्यांना वेळेवर बोलावले असते तर अध्यक्षपदाच्या वर्षात ते महाराष्ट्रभर फिरले असते, शाळांतून बोलले असते. चव्वेचाळीस वर्षांचा अत्रे आज कोणाला सुचेल का?

दुसरी उणीव बंद दाराची. निवडणुकीत घाण होती, पण ती उघड्यावर होती, म्हणून तिच्यावर बोलता येत होते. आता नावे बैठकीत येतात, तिथेच चर्चा होते, आणि बाहेर एकच नाव येते. कोणकोणती नावे सुचली, कोणत्या कारणांनी हे नाव पुढे आले, याची नोंद सभासदांपुढे येत नाही. न निवडलेल्या लेखकांचा अपमान होऊ नये म्हणून हे राखले जाते, असे सांगतात. तो विचार मला पटतो. पण ज्याची निवड झाली त्याच्या बाबतीत तरी महामंडळाने पानभराचे टिपण काढावे : या लेखकाचे कोणते काम आम्हाला मोलाचे वाटले आणि ते मराठीला आज का हवे आहे. हजार मतदारांनी हक्क सोडला तो महामंडळातल्या थोड्या माणसांवर विश्वास टाकून. त्या विश्वासाची पोच म्हणून एक पान मागणे जास्त नाही.

आणखी एक. घटक संस्था नावे सुचवते म्हणजे तिची कार्यकारिणी सुचवते. शाखांना कोणी विचारत नाही. संलग्न संस्थांतून तर बडोदे, इंदूर, बेळगाव इकडची मंडळी घरात मराठी टिकवण्यासाठी रोज झगडतात. त्यांना कोणता लेखक जवळचा वाटतो, हे पुण्या-मुंबईच्या टेबलावरून कळणार नाही.

आमच्या शाखेने यावर एक छोटा उपाय केला आहे. मतपत्रिका बंद झाल्यापासून दर वर्षी गणपती उठले की सभासदांना आणि वाचनालयात येणाऱ्या मुलांना आम्ही एक कोरा कागद देतो. त्यावर एकच नाव लिहायचे आणि खाली ते का, हे अर्ध्या पानात. कोणी मोजदाद करत नाही. सारे कागद एका पाकिटात घालून घटक संस्थेच्या कार्यालयाला पाठवतो. त्यांनी ते वाचावेत असा आग्रह नाही, विनंती आहे. गेल्या खेपेला एकवीस कागद आले. त्यांत बारावीत शिकणाऱ्या एका मुलीचा होता. तिने लिहिलेले नाव मी कधी कोणाच्या यादीत ऐकले नव्हते. एक कवयित्री, माझ्याहून पस्तीस वर्षांनी लहान. कारणांच्या जागी त्या मुलीने काही लिहिलेच नव्हते. तीन पुस्तकांची नावे होती आणि प्रत्येकापुढे, ते आमच्या वाचनालयातून कोणत्या तारखेला नेले आणि कोणत्या तारखेला परत केले, ते.

मी नोंदवही काढून तारखा ताडून पाहिल्या. बरोबर होत्या. तिसरे पुस्तक तिने दोनदा नेले होते.